ताटातील तूट

धान्याच्या आडत दुकानात वर्षअखेरीस गोदामाचा हिशेब लागतो, तेव्हा त्यात ‘तूट’ हा रकाना हमखास असतो. ओलावा उडून कमी झालेले वजन, पोते फाटून सांडलेले दाणे, उंदीर-घुशींनी केलेले नुकसान, दोन काट्यांमधला फरक अशी तिची कारणे ठरलेली असतात. किती तूट चालवून घ्यायची, हेही प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात पक्के असते आणि ती मर्यादा ओलांडली की त्याच दिवशी चौकशी सुरू होते. दुकानाच्या फरशीवरची झाडणसुद्धा चाळून, पाखडून पाखरांसाठी वेगळी ठेवली जाते. त्याच व्यापाऱ्याच्या घरी ताटात उरलेला भात, शाळेतून डब्यात परत आलेली पोळी आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात आंबून गेलेली वाटी यांची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. घरातील मुले हिशेबाच्या वातावरणात वाढतात, टक्केवारी तोंडी काढतात. पण ‘गेल्या आठवड्यात तुझ्या ताटात किती उरले?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते.

हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या जवळजवळ पंचमांश एवढे ते प्रमाण आहे. त्यातील साठ टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नसून घरांचा आहे. भारतातील घरांसाठी या अहवालाने दरडोई वर्षाला ५५ किलोचा अंदाज दिला आहे. यात साली, देठ, कोयी असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. किरकोळ विक्री आणि उपभोग या टप्प्यांवरील दरडोई नासाडी २०३० पर्यंत निम्मी करावी, असे उद्दिष्ट शाश्वत विकासाच्या ध्येयांमध्ये राष्ट्रांनी मान्य केले आहे. परंतु कोटी टनांचा आकडा ऐकून सोळा वर्षांच्या मुलाच्या वागण्यात फरक पडत नाही. तो आकडा त्याचा नसतो. त्याचा स्वतःचा आकडा ग्रॅममध्ये असतो आणि तो त्याला कोणी काढायला शिकवलेला नसतो.

शिकवण्याचे योग्य वय म्हणजे घर सोडण्याचे वय. दहावी झाली की समाजातील पुष्कळ मुले-मुली पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर येथील वसतिगृहांत दाखल होतात. तेथील भोजनालयाचे शुल्क महिन्याचे किंवा सहामाहीचे, एकरकमी असते. बहुधा वडिलांच्या खात्यातून ते परस्पर वळते होते. त्यामुळे एक पोळी जादा घेतली काय आणि टाकली काय, विद्यार्थ्याच्या खिशाला झळ बसत नाही. अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी यालाच सीमांत खर्च शून्य म्हणेल. ज्याची किंमत शून्य, त्याची काटकसर कोणी आपणहून करत नाही. यात मुलांच्या संस्काराचा दोष काढण्यापेक्षा व्यवस्थेचा दोष पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

पूर्वीची वसतिगृहे अशी नव्हती. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ताटातले धान्य कोठून आले हे त्या वसतिगृहातील मुलाला डोळ्यांनी दिसत होते. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाल्लेल्या पिढीलाही ते वेगळे सांगावे लागले नाही. आजच्या विद्यार्थ्याला तो अनुभव नाही आणि तो यावा अशी इच्छाही कोणी करणार नाही. अनुभवाची जागा आता नोंदीला घ्यावी लागेल.

ही नोंद कशी करावी, याची रीत अवघड नाही. शंभर पानी वही, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील छोटा काटा आणि एक स्टीलची वाटी एवढे साहित्य पुरते. रिकाम्या वाटीचा धडा करावा, जेवण झाल्यावर ताटात जे उरले असेल ते वाटीत काढावे, वजन पाहावे आणि लिहावे. आमटी-ताक यांसारख्या पातळ पदार्थांसाठी वजनाऐवजी ‘पाव वाटी’, ‘अर्धी वाटी’ असा अंदाज चालतो. वहीत पाच रकाने आखावेत : तारीख, जेवण, पदार्थ, वजन आणि कारण. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, आंब्याची कोय, लिंबाची फोड हे तुटीत धरू नये. ते वेगळे काढावे. जे खाता आले असते आणि खाल्ले गेले नाही, तेवढेच मोजायचे.

पहिल्या सात दिवसांत काहीही बदलायचे नाही, ही यातली महत्त्वाची अट आहे. नेहमी जसे घेतो तसेच घ्यायचे, नेहमी जसे टाकतो तसेच टाकायचे, फक्त लिहायचे. दुकान ताब्यात घेणारा नवा मालक आधी साठा मोजतो, मग भाव ठरवतो, त्यातलाच हा प्रकार. अर्थात वजन करणार हे माहीत असले की हात थोडा आखडतोच. पहिल्या आठवड्याचा आकडा त्यामुळे खऱ्यापेक्षा जरा कमीच येतो, हे धरून चालावे.

उदाहरणादाखल अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा आठवडा पाहू. रात्रीच्या जेवणात सहा दिवस सरासरी ६० ग्रॅम भात उरला. झाले ३६० ग्रॅम. महाविद्यालयात नेलेल्या डब्यातून पाच दिवस एकेक पोळी परत आली. प्रत्येकी ४० ग्रॅम धरली तर २०० ग्रॅम. रविवारी दुपारी पुलाव आणि गोड मिळून १४० ग्रॅम टाकले. एकूण ७०० ग्रॅम, म्हणजे रोजचे १००. वसतिगृहात वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीस किलो. ‘मी कधीच काही टाकत नाही’ असे हाच मुलगा आठ दिवसांपूर्वी मनापासून सांगत असेल, कारण रोजचे शंभर ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत.

आता शेवटचा रकाना वाचावा. रात्रीच्या भातापुढे सहाही दिवस लिहिलेले आहे : ‘वाढप्याने न विचारता वाढला.’ पोळीपुढे लिहिले आहे : ‘मधली सुट्टी संपली.’ रविवारपुढे : ‘नाश्ता अकराला झाला, जेवण साडेबाराला, भूक नव्हती.’ तीन कारणे, आणि त्यांपैकी एकालाही अन्नाच्या अनादराचा स्पर्श नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे भात मागितल्यावरच वाढणे. दुसऱ्यावर, डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या नेणे. तिसऱ्यावर, रविवारचे जेवण तासभर पुढे ढकलणे. भुकेल्या मुलांची चित्रे दाखवून केलेल्या भाषणाने यांतले काहीही सुटले नसते. या वहीत ग्रॅमच्या रकान्यापेक्षा कारणाचा रकाना मोलाचा आहे तो यासाठी. ज्या वसतिगृहात फक्त वजन होते आणि कारण विचारले जात नाही, तेथे काटा हे शिक्षेचे साधन बनते.

शिक्षा आली की लपवाछपवी येते. उरलेली भाजी केळ्याच्या सालीखाली जाते, पोळी रुमालात जाते, नाहीतर मित्राच्या ताटात सरकते. एक कच्ची आणि एक पक्की अशा दोन वह्यांची कल्पना व्यापारी घरांतील मुलांना वेगळी शिकवावी लागत नाही, असे गमतीने म्हणता येईल! म्हणून वही विद्यार्थ्याची, तिच्यातील आकडे त्याचे. अधीक्षकांनी किंवा पालकांनी ती तपासू नये. फार तर महिन्याअखेर नाव न लिहिता प्रत्येकाने आपली बेरीज चिठ्ठीवर द्यावी आणि त्या चिठ्ठ्यांची सरासरी फलकावर लागावी.

फलकाच्या उपयोगालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. विद्यापीठाच्या भोजनगृहात सहा आठवडे एकोणीस हजारांहून अधिक ताटे तपासली गेली. ‘घ्याल ते खा, अन्न वाया घालवू नका’ अशा अर्थाची साधी सूचना लावल्यावर नासाडी सुमारे पंधरा टक्क्यांनी घटली. पुढे त्याच भोजनगृहात किती वाया जाते याचे आकडे लावून पाहिले, तर त्यापलीकडे आणखी घट झाली नाही. सगळ्यांचा मिळून आकडा हा कोणाचाच आकडा नसतो, असा याचा अर्थ काढता येतो. भांड्यांचा परिणाम मात्र याहून ठळक दिसला आहे. अमेरिकेतील पंचवीस शिक्षणसंस्थांच्या भोजनगृहांतून मोठे तबक काढून घेतले आणि विद्यार्थ्यांनी हातात मावेल तेवढेच घ्यावे अशी व्यवस्था केली, तेव्हा माणशी नासाडी पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे २००८ मधील पाहणीत आढळले. आपल्याकडील खणांच्या ताटाचा विचार यावरून करावा. ताटाला सहा खण असले की सहाही भरले पाहिजेत असे वाढणाऱ्यालाही वाटते आणि घेणाऱ्यालाही. आवडते की नाही हे माहीत नसलेली भाजी आधी चमचाभर चवीला घेण्याची मुभा, अर्धी पोळी मागण्याचा संकोच वाटणार नाही असे वातावरण आणि वाढप्याच्या हातातील डाव जरा लहान, एवढ्याने पुष्कळ काम होते. आग्रह हा महाराष्ट्राच्या पंगतीचा अलंकार खरा. पण वसतिगृहात रोज पंगत नसते.

जैन स्वयंपाकघराची एक स्वतंत्र अडचण आहे आणि तिच्याकडे बाहेरच्या पुस्तकांत लक्ष दिलेले नसते. नासाडी टाळण्याचा जगभर सांगितला जाणारा पहिला उपाय म्हणजे उरलेले दुसऱ्या दिवशी खाणे. ज्या घरांत आणि वसतिगृहांत रात्र उलटलेले शिजवलेले अन्न वर्ज्य आहे, तेथे हा उपाय चालतच नाही. फोडणीची पोळी, फोडणीचा भात हे मराठी घरांचे हुकमी मार्ग तेथे बंद असतात. उरलेल्या पोळ्या त्याच दिवशी तव्यावर दाबून, कोरड्या भाजून खाखरा करणे एवढी एक वाट उरते. त्यामुळे या स्वयंपाकघरात अंदाज इतरांपेक्षा अधिक नेमका असावा लागतो, आणि नेमकी तेथेच चूक होते.

त्याचे कारण सूर्यास्तात आहे. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम असलेल्या वसतिगृहात संध्याकाळच्या पंगतीची वेळ वर्षभरात तासाहून अधिक मागेपुढे होते. शिकवणी वर्गांचे वेळापत्रक मात्र तसूभर हलत नाही. जूनमध्ये जेवायला वेळेवर पोहोचणारी तीस-चाळीस मुले डिसेंबरात वर्गातच अडकलेली असतात आणि स्वयंपाक पटावरच्या संख्येप्रमाणे झालेला असतो. ही तूट ताटातली नसून पातेल्यातली आहे. विद्यार्थ्याच्या वहीत ती येत नाही. तिच्यावर उपाय म्हणजे सकाळी दहापर्यंत भोजनालयाच्या दारातील कागदावर ‘संध्याकाळी आहे’ किंवा ‘नाही’ अशी खूण करणे. ज्याने ‘आहे’ लिहिले आणि जो आला नाही, त्याने आपल्या वहीत पूर्ण एका जेवणाची तूट लिहावी.

पातेल्यातले न हाताळलेले अन्न आणि ताटातले उष्टे यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिले वेळेत आणि स्वच्छतेने गरजूंपर्यंत पोहोचवता येते. त्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये नियमही केले आहेत. उष्टे कोणाला देता येत नाही. ते ‘गाईच्या पोटी गेले, वाया गेले नाही’ असे समाधान पुष्कळ ठिकाणी करून घेतले जाते. तेलमिठाचे, मसाल्याचे शिजवलेले अन्न हा गाईचा आहार नव्हे. शिजवलेला भात आणि पोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या की जनावराच्या कोठीपोटात आम्ल वाढून ते दगावूही शकते, हे कोणताही पशुवैद्य सांगेल. गोशाळेच्या दारात उष्ट्याची बादली रिकामी करणे ही जीवदया ठरत नाही. वहीत ती तूटच लिहावी.

वजनाचे रूपांतर पाण्यात करून दाखवले, तर मोठ्या मुलांना त्याची विशेष गोडी वाटते. एक किलो तांदूळ पिकवण्यासाठी जगाच्या सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. यातील बराच भाग पावसाचा असतो, हेही सांगावे. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात तांदूळ साधारण पस्तीस ग्रॅम असतो. म्हणजे टाकलेल्या त्या मुठीत पंच्याऐंशी-नव्वद लिटर पाणी गेले. बीड, सोलापूर किंवा नगर भागातून आलेल्या आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागर धरून उभ्या राहिलेल्या मुलीला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

काही सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. शून्य हे ध्येय ठेवू नये. शून्याचा हट्ट धरला की मुले भूक संपल्यावरही ताट ‘संपवतात’. अन्न कचऱ्याच्या पेटीऐवजी पोटात टाकणे ही बचत नव्हे. याउलट काही जण, विशेषतः या वयातील मुली, वहीच्या निमित्ताने घेणेच कमी करतात. ऊनोदरी हे स्वेच्छेचे तप आहे; वाढत्या वयातील उपासमारीला ते नाव देता येणार नाही. ज्या मुलाचे किंवा मुलीचे वजन घटते आहे, जेवणाविषयी ज्यांच्या मनात आधीच भीती आहे, त्यांना ही वही देऊच नये. आजारपणाचे आणि परीक्षेचे दिवसही मोजणीतून वगळावेत. पहिल्या आठवड्याच्या आकड्याच्या निम्मे, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. नोंदही रोज, वर्षभर करू नये. तिचा कंटाळा येतो आणि कंटाळलेला माणूस आकडे मनाने भरू लागतो. दर महिन्याला एक आठवडा एवढे पुरते.

घरच्या वडीलधाऱ्यांनीही दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या मुलाची वही पाहण्याऐवजी आपली एक वही उघडावी. तिचे रकाने वेगळे असतील : फ्रिजमध्ये नासलेले, मुदत उलटलेले, ‘पाहुणे येतील’ म्हणून जास्त केलेले, स्वस्त मिळाले म्हणून गरजेपेक्षा अधिक आणलेले. समारंभात साठ पदार्थांची मांडणी करून पाहुण्यांना भरलेले ताट अर्धे टाकायला लावणाऱ्या घराने मुलाला शंभर ग्रॅमचा हिशेब विचारावा, हे शोभणारे नाही. थाळी धुऊन ते पाणी पिणारे आजोबा ज्या घरात आहेत, तेथे शिकवायला कोणी बाहेरून येण्याची गरजच पडत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि तो विश्वस्तांनी सोडवायचा आहे. दोनशे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात प्रत्येकी रोज शंभर ग्रॅम धरले, तर दिवसाला वीस किलो शिजलेले अन्न जाते. पाचशे ग्रॅमचे एक जेवण मानले तर ती चाळीस जेवणे झाली. एका जेवणाचा नुसता शिधा चाळीस रुपयांचा धरला, तर दिवसाचे सोळाशे आणि तीनशे दिवसांचे चार लाख ऐंशी हजार रुपये होतात. ही सगळी रक्कम वाचेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. गॅस, आचाऱ्यांचे पगार, भाडे यांत फरक पडत नाही, आणि तूट निम्मीच होणार. तरीही दोन-सव्वादोन लाखांचा शिधा कमी लागेल. ही रक्कम संस्थेच्या सामान्य निधीत मुरली, तर मुलांना तिचा पत्ताही लागणार नाही आणि दुसऱ्या सहामाहीत वह्या बंद पडतील. सहामाहीच्या भोजन बिलात ‘अन्नबचत वजा’ अशी वेगळी ओळ छापून प्रत्येकाच्या नावे पाचशे रुपये कमी करावेत. रक्कम लहान असली तरी चालेल; ती बिलावर वेगळी दिसली पाहिजे आणि ते बिल पालकांकडे परस्पर न जाता आधी विद्यार्थ्याच्या हाती पडले पाहिजे.